रोजची अ‍ॅस्पिरिन: कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये

ठाण्याच्या कोपरीतल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी संध्याकाळी थोडा वेळ थांबलं, तर इकोस्प्रिनची, म्हणजे अ‍ॅस्पिरिनचीच, पट्टी एकदा तरी विकली जाताना दिसते. ७५ मिलिग्रॅमच्या चौदा गोळ्या, किंमत दहा रुपयांच्या आत. मागणारे नाव घेतातच असं नाही. ‘ती हार्टची छोटी गोळी द्या’ किंवा ‘रक्त पातळ करायची द्या’ एवढ्यावर काम भागतं. घेणाऱ्यांत अँजिओप्लास्टी झालेले असतात, तसेच हृदयाचा कसलाही आजार नसलेलेही असतात. शेजारचे काका अचानक गेले म्हणून, भावाला स्टेंट बसली म्हणून किंवा मोबाइलवर कोणीतरी संदेश पाठवला म्हणून त्यांनी आपणहून गोळी चालू केलेली असते. आणि त्यांच्याच इमारतीत असाही कोणीतरी असतो, ज्याला अटॅक येऊन गेलाय, पण बरं वाटू लागल्यावर ज्याने गोळी परस्पर सोडून दिली.

या दोन चुकांपैकी पेपरांत आणि कट्ट्यावर चर्चा होते ती पहिलीची. आपल्या देशात जीव जास्त जात असतील ते दुसरीमुळे, असं माझं मत आहे. त्याला आधार आहे. ५१ देशांतल्या घरोघरच्या पाहण्या एकत्र करून केलेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलाय, त्यांच्यातले किती जण अ‍ॅस्पिरिन घेतात, हे त्यात पाहिलं होतं. श्रीमंत देशांत हे प्रमाण ६५ टक्के निघालं. भारत ज्या निम्न-मध्यम उत्पन्न गटात मोडतो, त्या गटात ते जेमतेम २४.५ टक्के होतं. म्हणजे जिला दहा रुपयेही पडत नाहीत अशी पट्टी, गरज असलेल्या चारांतल्या तिघांच्या घरी नाही.

औषध जुनं आहे. विलो झाडाच्या सालीतल्या द्रव्यापासून निघालेलं हे रसायन फ्रान्सच्या चार्ल्स गेऱ्हार्टने १८५३ साली अशुद्ध रूपात पहिल्यांदा बनवलं. बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला पोचली तेही याच वर्षी. १८९७ मध्ये जर्मनीतल्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमनने ते शुद्ध केलं आणि १८९९ पासून ते अ‍ॅस्पिरिन या नावाने विकलं जाऊ लागलं. पुढची पन्नास वर्षं ती ताप आणि अंगदुखीचीच गोळी होती. हृदयाशी तिचा संबंध लक्षात आला तो कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स क्रेव्हन या साध्या फॅमिली डॉक्टरला. टॉन्सिल काढल्यावर दुखू नये म्हणून रुग्ण अ‍ॅस्पिरिनचं च्युइंगगम चघळत. त्यांतल्या काहींच्या जखमांतलं रक्त थांबता थांबत नाही, हे त्याने पाहिलं आणि उलटा विचार केला. ज्याने रक्तस्राव लांबतो, त्याने नको तिथे होणारी गुठळीही टळत असेल. त्याने आपल्या रुग्णांना ती रोज द्यायला सुरुवात केली आणि छोट्या वैद्यकीय मासिकांत निरीक्षणं छापली. तेव्हा ती फारशी कोणी मनावर घेतली नाहीत.

क्रेव्हनला जे नुसतं दिसलं होतं, त्याचं कारण १९७१ साली ब्रिटनच्या जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं आणि त्या कामासाठी त्यांना १९८२ चं नोबेल विभागून मिळालं. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटण्यासाठी थ्रॉम्बॉक्सेन नावाचं द्रव्य सोडतात. ते बनवणारं विकर अ‍ॅस्पिरिन कायमचं निकामी करतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला नवं विकर तयार करता येत नाही. ती जगते सात ते दहा दिवस आणि तेवढे दिवस तशीच निष्प्रभ राहते. रोजच्या पाऊणशे मिलिग्रॅममध्ये काम का भागतं आणि गोळी थांबवली तरी परिणाम आठवडाभर का टिकतो, याचं उत्तर इथे आहे. जास्त डोस म्हणजे जास्त संरक्षण, ही समजूतही इथेच गळून पडते. हृदयविकार असलेल्या १५,०७६ अमेरिकन रुग्णांत ८१ आणि ३२५ मिलिग्रॅमची तुलना झाली. २०२१ मध्ये निकाल लागला, तेव्हा अटॅक आणि मृत्यूंत फरक आढळला नाही.

आता मुख्य प्रश्न: फायदा कोणाला?

ज्याला अटॅक चालू आहे किंवा येऊन गेलाय, ज्याला स्टेंट बसवलीय, बायपास झालीय किंवा मेंदूतल्या गुठळीमुळे पक्षाघात झालाय, त्याच्याबाबत शंकेला जागा नाही. १९८८ सालच्या आयसिस-२ या अभ्यासात अटॅकचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण होते. महिनाभर रोज १६२.५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्यावर पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर आले. हजारामागे चोवीस माणसं. एवढ्या स्वस्त गोळीने एवढे जीव वाचल्याची उदाहरणं वैद्यकात थोडीच आहेत.

आजार झालेले आणि न झालेले यांची तुलना करायची, तर २००९ सालचं ऑक्सफर्डच्या संशोधकांनी केलेलं एकत्रित विश्लेषण अजूनही सगळ्यांत स्पष्ट आहे. आधी आजार झालेल्यांत वर्षाला ८.२ टक्के लोकांना पुन्हा गंभीर झटका येत होता. अ‍ॅस्पिरिनने ते प्रमाण ६.७ वर आलं. दहा हजारांमागे दीडशे झटके टळले. आजार नसलेल्यांत ०.५७ टक्क्यांचे ०.५१ झाले, म्हणजे दहा हजारांमागे सहा. आणि त्या सहांच्या बदल्यात पोटातला किंवा अन्य मोठा रक्तस्राव दहा हजारांमागे तीन जणांना जास्त झाला. गोळी तीच, पण एकाला ती तारते आणि दुसऱ्याच्या बाबतीत जमाखर्च जवळजवळ बरोबरीत सुटतो.

२०१८ मध्ये तीन मोठे अभ्यास पाठोपाठ आले आणि या बरोबरीबद्दलही शंका उरली नाही. आपल्याकडे त्यांतल्या अ‍ॅसेंडचा विचार आधी करायला हवा, कारण तो मधुमेह्यांवरचा होता आणि कोपरीत मधुमेह नसलेलं घर शोधावं लागेल. हृदयविकार नसलेल्या १५,४८० मधुमेह्यांना सरासरी ७.४ वर्षं पाहिलं. गंभीर झटके ९.६ वरून ८.५ टक्क्यांवर आले. मोठे रक्तस्राव ३.२ वरून ४.१ वर गेले. हजारांत अकरा जणांचा झटका टळला, नऊ जणांना रक्तस्रावासाठी दवाखाना गाठावा लागला. दुसरा अभ्यास अ‍ॅस्प्री, बहुतेक सत्तरीपुढच्या १९,११४ धडधाकट ज्येष्ठांचा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतला. तिथे अपंगत्वाविना जगण्याची वर्षं काही वाढली नाहीत, रक्तस्राव मात्र २.८ वरून ३.८ टक्क्यांवर गेले. त्यामुळे साठीनंतर केवळ प्रतिबंधासाठी अ‍ॅस्पिरिन नव्याने सुरू करू नये, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यगटाने २०२२ मध्ये सांगितलं. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या, धोका जास्त असलेल्या लोकांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं, असंही त्यात आहे.

घरातल्या फायलीत वीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी असेल आणि बीपी किंवा शुगर आहे म्हणून डॉक्टरांनी तेव्हा इकोस्प्रिन लिहिली असेल, तर त्या डॉक्टरांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. त्या काळचा पुरावा तसाच होता. तेव्हा धूम्रपान जास्त होतं, बीपी बेताचं आटोक्यात असायचं, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सगळ्यांपर्यंत पोचल्या नव्हत्या. आता स्टॅटिन आणि बीपीच्या औषधांनी धोका आधीच खाली आणलाय, तेव्हा अ‍ॅस्पिरिनच्या वाट्याला थोडंच काम उरलं. चिठ्ठी जुनी आहे, एवढाच तिचा दोष. ती घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावं.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘हे सगळं गोऱ्यांचं. आपल्याकडे अटॅक तरुणपणीच येतो, मग आपण नको का घ्यायला?’ लवकर येतो हे खरंच आहे. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार दक्षिण आशियात पहिल्या अटॅकचं सरासरी वय ५३ आहे, इतर देशांत जवळपास ५९. डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’मुळे मराठी वाचकाला हे आकड्यांशिवायही ठाऊक आहे. हृदयविकार झाला तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. पण धोका लवकर येतो, म्हणून अ‍ॅस्पिरिन लवकर घ्यावी, हे आपोआप सिद्ध होत नाही. ते तपासावं लागतं आणि ते तपासलं गेलंय. टिप्स-३ या अभ्यासात ५,७१३ लोक होते, जवळजवळ निम्मे भारतातले. हृदयविकार झालेला नाही पण धोका आहे, अशांना रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन देऊन पाहिली. झटक्यांचं प्रमाण ४.७ वरून ४.१ टक्क्यांवर आलं, पण हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका कमी होता. बीपीची औषधं आणि स्टॅटिन एकाच गोळीत घालून तिच्या जोडीला अ‍ॅस्पिरिन दिली, तेव्हा ५.८ चे ४.१ झाले. अवजड काम बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या औषधांनी केलं, असाच त्याचा अर्थ मला दिसतो. बीपी न मोजता, तंबाखूचा बार तोंडात ठेवून, रोज इकोस्प्रिन घेणारा माणूस चुकीच्या दाराशी उभा आहे.

मधला एक छोटा गट उरतो: वय पंचेचाळीस-पंचावन्न, वडील पन्नाशीत गेलेले, मधुमेह, सिगारेट. हृदयाच्या सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियमचा आकडा शंभराच्या वर निघाला, तर काही तज्ज्ञ अशांना अ‍ॅस्पिरिन देतात, पण पोटाचा इतिहास पाहूनच. तो हिशेब डॉक्टरांसमोर बसून करायचा आहे.

रक्तस्राव म्हटलं की लोकांना वाटतं नाकातून रक्त येईल, दाढी करताना कापलं तर थांबणार नाही. तसं होतंही, पण घात होतो पोटात आणि क्वचित मेंदूत. जठराच्या आतल्या अस्तराला आम्लापासून जपणारी द्रव्यंही अ‍ॅस्पिरिन अडवते. गोळीला वरून लेप असतो, म्हणून ‘पोटाला लागत नाही’ असं समजणं धोक्याचं आहे. लेपामुळे जळजळ कमी होईल, पण रक्तात मिसळून पोटाच्या अस्तरावर होणारा परिणाम लेपाने टळत नाही. पूर्वी अल्सर झालेल्यांना, वय जास्त असलेल्यांना, अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल चालू असलेल्यांना डॉक्टर पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी देतात ती यासाठी. ‘गॅसची गोळी जास्तीची आहे’ म्हणून ती गाळू नये. क्लोपिडोग्रेल चालू असताना मात्र ओमेप्राझोल परस्पर आणू नये, तिने क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो. शौचाला काळं, डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं होऊ लागलं, तर लगेच डॉक्टर गाठायचा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण चिकटपणा आणि वास वेगळा असतो. सांगता येत नसेल, तर दाखवून यायचं. चढताना दम लागतोय, चेहरा पांढरा पडलाय, ही रोज थोडं थोडं रक्त जात असल्याची खूण असू शकते. घरच्यांना ती वयामुळे वाटते.

खरी गडबड गुडघेदुखीच्या गोळ्यांनी होते. जिने चढून दुखतंय म्हणून कॉम्बिफ्लाम आणली, त्यात आयबुप्रोफेन असतं. ते प्लेटलेटमधल्या त्याच विकरावर आधी जाऊन बसतं आणि अ‍ॅस्पिरिनला जागाच उरत नाही. हृदयाचं संरक्षण गेलं आणि पोटाला मार दुप्पट. घ्यावीच लागली, तर साध्या अ‍ॅस्पिरिननंतर अर्ध्या तासाने किंवा अ‍ॅस्पिरिनच्या आठ तास आधी, असा अमेरिकी औषध प्रशासनाचा सल्ला आहे. लेप असलेल्या गोळीला हा हिशेबही नीट लागू पडत नाही, म्हणून अटॅक येऊन गेलेल्याने पॅरासिटामॉलवर भागवावं आणि वेदना त्यापुढची असेल तर विचारावं. डायक्लोफिनॅक तर हृदयविकार असलेल्यांना मुळातच वर्ज्य समजावं. सांधेदुखीच्या नावाखाली घटक न छापता विकल्या जाणाऱ्या पुड्या यांहून वाईट, कारण त्यांत वेदनाशामक किंवा स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. संकष्टीचा उपवास, रिकामं पोट, त्यावर कडक चहा, वेदनाशामक आणि अ‍ॅस्पिरिन हे सगळं एका दिवशी जमून आलं, की अल्सर फुटायला निमित्त मिळतं. दमा असलेल्या आणि नाकात वारंवार मांस वाढणाऱ्यांतल्या काहींना अ‍ॅस्पिरिनने एकाएकी धाप लागते. अशांनी सुरू करण्याआधी डॉक्टरांना हे सांगितलंच पाहिजे.

खाडीकाठच्या कोपरीला पावसाळ्याचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. जून ते ऑक्टोबर डेंग्यूचे दिवस, आणि पाणी तुंबलं की लेप्टोस्पायरोसिसचे, म्हणजे लेप्टोचे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई-ठाण्याने लेप्टो पाहिलेला आहे. या दोन्ही तापांत प्लेटलेट घसरतात. ताप आला म्हणून डिस्प्रिन (तीही अ‍ॅस्पिरिनच) घेणं, हे त्या दिवसांत आगीत तेल ओतणं आहे. तापाला पॅरासिटामॉल. लहान मुलांना विषाणूच्या तापात अ‍ॅस्पिरिन कधीच द्यायची नाही. राय सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूवर आघात करणारा दुर्मीळ पण जीवघेणा विकार तिने होऊ शकतो. मग स्टेंट असलेल्या माणसाला डेंग्यू झाला तर? इथे घरच्यांनी स्वतः गोळी थांबवायची नाही आणि चालूही ठेवायची नाही. त्याच दिवशी रक्त तपासून, स्टेंट कधी बसवली ती तारीख सांगून डॉक्टरांना निर्णय करू द्यायचा. महिन्याभरापूर्वीची स्टेंट आणि सहा वर्षांपूर्वीची स्टेंट यांचं उत्तर एक नसतं.

आता सोडून देणाऱ्यांकडे वळतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधी लेप असलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. त्याआधी ती लाखाच्या घरात होती. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतूनही अँजिओप्लास्टी होतात. स्टेंट बसलेली माणसं आता आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. स्टेंट म्हणजे धातूची जाळी. तिच्यावर शरीराचं अस्तर चढेपर्यंत रक्त तिला परकी वस्तू समजतं आणि गोठायला बघतं. म्हणून अटॅकनंतर साधारण वर्षभर अ‍ॅस्पिरिन आणि दुसरी एक प्लेटलेटविरोधी गोळी अशा दोन, आणि पुढे बहुतेकांना एक, कायमची. तिसऱ्या महिन्यात दोन्ही बंद केल्या आणि स्टेंट आतून गोठली, तर तो अटॅक पहिल्यापेक्षा भयंकर असतो. त्यात जीव जाण्याचा धोका मोठा असतो. ‘आता काही दुखत नाही हो, कशाला रोज गोळ्या?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर कार्डिऑलॉजिस्टने पहिल्याच दिवशी घरातल्या कर्त्या बाईसमोर द्यावं, असं वाटतं. दुखत नाहीये ते गोळ्यांमुळेच.

दात काढायचा म्हणून पाच दिवस आधी गोळी बंद करणं, हाही असाच जुना रिवाज. एखादा दात काढताना फक्त अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर सहसा थांबवावी लागत नाही. दाबून ठेवलेला कापसाचा बोळा आणि टाका यांवर रक्त थांबतं. मोतीबिंदूलाही बहुधा चालते. मोठ्या शस्त्रक्रियेत प्रश्न वेगळा असतो. तिथे सर्जन आणि हृदयतज्ज्ञ यांचं आपसात बोलणं व्हायला हवं, मधल्या मध्ये रुग्णाने निरोप्या होऊ नये. एक उलट उदाहरणही लक्षात असू द्यावं. ठोके अनियमित होतात म्हणून अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन किंवा असिट्रोमसारखं औषध चालू असेल आणि स्टेंटला वर्ष होऊन गेलं असेल, तर अ‍ॅस्पिरिन काढून टाकणंच बरं ठरतं. फाइल घेऊन विचारा.

गरोदर सुनेला बाराव्या आठवड्यापासून इकोस्प्रिन लिहून दिली म्हणून घाबरून जाणारी घरंही असतात. तिचं हृदय ठीक असतं. गरोदरपणात बीपी वाढून होणारा प्रीएक्लाम्प्सिया टाळण्यासाठी धोका असलेल्या बायकांना ही गोळी देतात आणि ती योग्यच असते.

शेवटी, छातीत दुखू लागलं तर. भारतातल्या ८९ केंद्रांच्या क्रिएट नोंदवहीत अटॅकच्या रुग्णाला दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोचायला मध्यक वेळ लागत होता सहा तास. हृदयाचा स्नायू तोवर बराच मेलेला असतो. ‘गॅस आहे, सकाळी बघू’ यात रात्र जाते. आणि कोपरीहून ठाणे पश्चिमेला जायचं, तर रूळ ओलांडावे लागतात. गर्दीच्या वेळी रिक्षात बसून पुलापर्यंत पोचणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. छातीच्या मध्यभागी दाब, तो जबड्यात किंवा डाव्या हातात जातोय, दरदरून घाम, बायकांत आणि मधुमेह्यांत नुसताच दम किंवा मळमळ, हे वीस मिनिटांत थांबलं नाही तर काय, असा विचार करत बसू नका. लगेच रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. २०१४ पासून महाराष्ट्रात ही सेवा चालू आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

गाडी येईपर्यंत अ‍ॅस्पिरिन द्यायची, ३०० ते ३२५ मिलिग्रॅम. ७५ च्या असतील, तर चार. चावून खायच्या, कारण लेप असलेली गोळी अख्खी गिळली तर ती जठर ओलांडून आतड्यात जाईपर्यंत विरघळत नाही. पाण्यात विरघळणारी डिस्प्रिन असेल तर तीही चालते, मात्रा पाकिटावर वाचून. मात्र तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, असं दिसलं तर अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. तो पक्षाघात असू शकतो आणि तो गुठळीने झाला की रक्तस्रावाने, हे सीटी स्कॅनशिवाय कोणालाच कळत नाही. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, काळी शौच, नुकताच झालेला रक्तस्राव यांतही नाही. पाठीत खांद्यांच्या मध्ये फाटल्यासारखं एकदम दुखलं असेल, तर महाधमनी चिरल्याची शंका असते, तेव्हाही गोळी न देता १०८ वर तसं सांगायचं. जिभेखालची सॉर्बिट्रेट शेजाऱ्याने दिली म्हणून ठेवू नये. तिने बीपी एकाएकी पडतं आणि माणूस कोसळतो, विशेषतः त्याने लैंगिक दुर्बलतेची गोळी घेतलेली असेल तर. ते विचारायला घरच्यांना संकोच वाटतो, तरी विचारावं.

गोळी दिली, तर किती वाजता दुखू लागलं आणि किती मिलिग्रॅम दिली, हे एका कागदावर लिहून ठेवा. सोबत रोजच्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घाला, कापून उरलेल्या असल्या तरी चालतील. कागद आणि पिशवी १०८ च्या डॉक्टरच्या हातात द्या.